शेवटचं पाणी नळाचं

केस किती दिवसांनी धुवावेत, हा प्रश्न मला आजवर इतक्या बायकांनी विचारलाय की झोपेतून उठवलं तरी उत्तर देईन. मोठ्या शहरांतल्या पार्लरवाल्या यावर म्हणे टाळूचा प्रकार, केसांचा पोत, हवामान असं काय काय बघतात. सोलापुरात उत्तर एकच. नळाला पाणी येईल तेव्हा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतो, कधी त्याचीही लहर फिरते. पाणी आलं की घागरी, पिंपं, बादल्या भरतात, आणि सगळं भरून झालं की बायका न्हायला बसतात. त्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीतून चक्कर मारा. निम्म्या डोक्यांना टॉवेल गुंडाळलेला दिसेल. परगावच्या पाहुण्याला वाटावं, आज इथे कसला तरी सण आहे.

माझं पार्लर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या वसाहतीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवावी लागतात, ते काम लहानपणी मी केलेलं. पार्लर काढलं तेव्हा वडील बघायला आले. केस धुवायची खुर्ची, तिच्या मागचं बेसिन, सगळं निरखून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी धंदा त्योच की गं. हितली मेंढरं आपल्या पायानं येत्यात, एवडाच फरक." मी रागावले होते. आता ते नाहीत, आणि गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकतं तेव्हा अजून मला हसू येतं. आवरताना डोळ्यांत पाणीही येतं. शाम्पू गेला म्हणून सांगते.

माझी बरीच गिऱ्हाइकं टॉवेलच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका. सुट्टी झाली की केसांवर कापसाचा भुरका घेऊनच येतात, पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या. त्यांना रोज डोकं धुवायचं असतं. मी म्हणते, बायांनो, रोज नको. आधी कोरडेच विंचरा, कापूस कंगव्यात येईल. पाणी लागलं की तोच कापूस केसांत रुतून बसतो. आणि कामावर जाताना डोक्याला रुमाल बांधा. हे ऐकून त्या "व्हय, व्हय" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढऱ्या होऊन येतात. रुमाल बांधला की गजरा झाकला जातो ना!

धुण्याचं म्हणाल तर बहुतेकांचं चुकतं ते एकाच जागी. शाम्पू टाळूवर ओततात, पिंडीवर अभिषेक केल्यासारखा, आणि खालच्या केसांना कपड्यासारखं चोळतात. मळ असतो मुळाशी. शाम्पू आधी मगभर पाण्यात कालवायचा, बोटांच्या पेरांनी मुळाशी न्यायचा, नखं लावायची नाहीत. खालच्या केसांना ओघळणारा फेस पुरतो. आणि जेवढा वेळ लावण्यात गेला त्याच्या दुप्पट वेळ काढण्यात गेला पाहिजे. त्यात आमचं बोअरचं पाणी जड. साबण लावला तर फेस होत नाही, नुसता चिकट राप बसतो. म्हणून माझ्या मोरीत नळाच्या पाण्याचा एक झाकलेला ड्रम असतो. आधीचं पाणी बोअरचं चालेल, शेवटचं पाणी नळाचंच. त्या ड्रमला घरात कुणी हात लावायचा नाही. आमचे हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. ते म्हणतात, "आमाला प्यायला नसलं तरी चालंल, बायांच्या डोस्क्याला पायजे."

नमुनेही भेटले. एका नवरीनं लग्नाच्या दिवशी पहाटे, मी नको नको म्हणत असताना, दोनदा शाम्पू केला. ताजे धुतलेले केस रेशमासारखे निसटतात, त्यांत पीन टिकत नाही, म्हणून आदल्या दिवशी धुवायचे असतात. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिचा अंबाडा सुटायला लागला. मी मागे उभी राहून शेवटच्या अक्षतेपर्यंत तो हातानं धरून होते. फोटोत नवरीच्या डोक्यामागून एक अनोळखी हात आलेला दिसतो, तो माझा. आणखी एक आजीबाई होत्या. सून त्यांना जबरदस्तीनं घेऊन यायची. त्या प्रत्येक वेळी बजावायच्या, "हळू चोळ गं बाई, शाम्पूनं अक्कल धुऊन जाती." मग सुनेकडे बघून, "हिची रोजच्याला जाती."

पण हे सगळं मी लांबण लावायला लिहितेय. लिहायला बसले ती रेणुकासाठी.

एका रविवारी, पार्लर भरलेलं असताना, पडद्याबाहेरून पुरुषाचा आवाज आला. "ताई, पोरीचं न्हाण करायचं हाय."

आत सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे न्हाण म्हणजे पोर वयात आल्यावर होतो तो सोहळा. तो कुणी पुरुष असा रस्त्यावरून ओरडून सांगत नाही, आणि पार्लरात तर करतच नाही. मग खुर्चीतली सुरेखा फेसाळल्या डोक्यानं उठून म्हणाली, "अवो, मग पेढे कुटं हायेत?" आणि सगळ्या अशा हसल्या की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

मी बाहेर आले. उंच, सडपातळ माणूस, शर्टावर कापूस, आणि त्याच्या बोटाला धरून पहिलीत जाणारी पोर. त्याचं नाव मल्लिनाथ. अक्कलकोटच्या पलीकडचा. घरात कन्नड, मराठी कारखान्यात शिकलेली. पोरीला न्हाऊ घालायचंय एवढंच त्याला म्हणायचं होतं. बायका का हसल्या ते त्याला कळलं नाही, पण हसतायत म्हणून बिचारा स्वतःही हसत होता.

भर उन्हाळ्यात पोरीच्या डोक्याला गच्च रुमाल. मी तो सोडला आणि माझं हसू गेलं. मानेवर, केसांच्या मुळापासून, मुठीएवढा गोळा बसला होता. लोकर भिजवून मळली की घोंगडं जसं घट्ट बसतं तसा. त्यात कंगव्याचा दात शिरेना.

त्याची बायको आदल्या वर्षी तापानं गेली होती. तेव्हापासून पोरीला तोच अंघोळ घालायचा. अंगाला लावायचा साबण डोक्याला, पाणी बोअरचं, आणि पोर रडायला लागली की दोन तांबे ओतून मोकळा. राप चढत गेला, गुंता बसत गेला. गावाकडे त्याच्या आईनं तो बघितला आणि हात जोडले.

"आई म्हनती जट हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "देवीनं धरलीया. नावच रेनुका ठिवलंय, मग ती सोडंल व्हय? पुनवेला डोंगरावर न्यायाचं, देवीच्या पदरात घालायचं म्हनती."

"आणि तुम्ही?"

"आईचं खोटं म्हनवत न्हाय ओ ताई. पर पोर द्यायची न्हाय मला." त्यानं रुमाल हातात पिळून पिळून दोरीसारखा केला होता. "तुमी फकस्त धुवून बगा. कात्री लावू नगा. कापली तर आईपुडं उभं ऱ्हाता यायचं न्हाय. धुवून सुटली तर सुटली."

माझ्या माहेरी अशी देवीला वाहिलेली एक बाई होती. जट वागवायची, परडी घेऊन जोगवा मागत फिरायची. लहानपणी ती आमच्यात ठिकरी खेळायची, आणि सगळ्यांत लांब उडी तिची असायची. मी पडदा बाजूला करून बायकांना सांगितलं, आज पार्लर बंद. सुरेखा फेस घेऊनच घरी गेली.

गुंता मुळाकडून सोडवायचा नसतो, टोकाकडून सोडवायचा असतो. खोबरेल कोमट करून गोळ्यात जिरवलं. लिंबाचं पाणी थोडं थोडं मारलं, साबणाचा राप त्यानं सुटतो. मग शेपटीच्या कंगव्याच्या टोकानं एकेक बट ढिली करत गेले. पोर आधी रडली, मग माझ्या मांडीवर झोपली, उठून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, पुन्हा झोपली. दुपारी हे कामावरून आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सूत गुतलं की वडायचं न्हाय. ढिलं सोडायचं." आमच्या संसारात यांनी मला कामातलं काही शिकवलं असेल तर तेवढंच. मला ते आधीपासून माहीत होतं, पण बरं वाटलं.

ऊन कलताना शेवटची बट सुटली. मग शाम्पू, दोनदा. मग बोअरचं पाणी, आणि शेवटी झाकलेल्या ड्रममधलं नळाचं, एकही थेंब न वाचवता. मल्लिनाथ दिवसभर पायरीवर बसून होता. त्याला हाक मारली. त्यानं पोरीच्या ओल्या केसांतून हात फिरवला, मग तो हात आपल्या नाकाशी धरला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई आली, लांबूनच ओरडत; मागून रेणुकाला घेऊन मल्लिनाथ. मी म्हटलं, आज आपली धडगत नाही. म्हातारीनं नातीला पुढ्यात बसवून सगळं डोकं चाचपलं.

"कापलं न्हाईस?"

"नाही आजी. धुतलं. देवीची जट असती तर पाण्यानं सुटली असती का?"

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पहिलीत होते. "सुटली म्हंजी देवीनं सोडली. तुज्या पान्यानं काय हुतंय?" मग उठता उठता पोराला म्हणाली, "पर परत बसली तर म्या ऐकायची न्हाय, सांगून ठिवते. मग देवीचीच."

तेव्हापासून ठरून गेलं. नळाला पाणी आलं की दुसऱ्या दिवशी रेणुका हजर. माझ्याकडे मोठ्या बायकांची खुर्ची, तिची मान बेसिनपर्यंत पोचायची नाही, म्हणून मी तिला मोरीत पाटावर बसवून धुवायची. ती अखंड बोलायची. शाळेत कोण कुणाशी कट्टी आहे, पप्पांची भाकरी कशी नकाशासारखी होते, सगळं. डोळे घट्ट मिटून, तोंडात पाणी जात असतानाही बोलायची. एकदा मी जरा जास्तच पाणी ओतत राहिले, तशी ती चिडून म्हणाली, "अव्वा, पुरं की!"

अव्वा म्हणजे आई. तिचे डोळे मिटलेले होते. तिला कळलंही नाही, ती पुढे मांजराचं काहीतरी सांगायला लागली. मी तांब्या हातात धरून तशीच थांबले. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल कुणी विचारलं की मी पाण्याच्या टंचाईबद्दल बोलायला लागते.  त्या दिवशी मी अजून दोन तांबे ओतले. हवे होते म्हणून नाही.

पार्लरातल्या बायका विचारायच्या, "ताई, ह्या पोरीला आठवड्यातनं दोनदा कशाला? एकदा पुरं की." बरोबर होतं त्यांचं. तिच्या केसांना एकदा पुरेसं होतं. पण नळ लवकर आला की मला वाटायचं, आपल्यासाठीच आलाय.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एका संध्याकाळी मल्लिनाथ पायरीवर येऊन बसला. "ताई, मला शिकवा."

"काय?"

"तिचं डोकं धुवायला. माजी पाळी बदलती, तुमाला कवा बरं नसतं, मागं तुमी माहेराला गेलता तर लगीच गुतायला लागलं. आई पुनवेच्या पुनवेला येऊन बगती. आनि काय हाय ताई..." तो पायरीवर नखानं रेघ ओढत म्हणाला, "बाप हाय की मी तिचा. मला यायला पायजे."

मी म्हटलं, बघू. रात्री जेवताना यांना सांगितलं. पुरुषांची बोटं जाड, जमायचं नाही, असंही म्हटलं. हे शांतपणे भाकरी मोडत होते.

"शिकव की," म्हणाले.

"आणि मग ती कशाला येईल इथे?"

आमच्या यांचा स्वभाव खोटा धीर द्यायचा नाही. बिघडलेल्या मागालाही देत नाहीत. "न्हाय येनार," म्हणाले. "पर तुजी वाट बगत गाट बसली तर?"

सोमवारी पार्लर बंद असतं. मागच्या अंगणात शिकवणी झाली. पोरीच्या डोक्यावर आधीच प्रयोग नको, म्हणून यांनी स्वतःचं डोकं दिलं. त्यावर केस आहेत ते फक्त कानांच्या वर. मल्लिनाथनं ते इतक्या मनापासून धुतलं की शेजारीण भिंतीवरून बघून म्हणाली, "अगं बाई, आता उगवत्यात का काय!" हे डोळे मिटून म्हणाले, "थांबू नगंस मल्लू, बरं वाटायलंय." मल्लिनाथला मात्र हसू आलं नाही. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो विचारत होता. शाम्पू किती? पाणी किती गार? फेस गेला हे कसं ओळखायचं?

"बोटांनी," मी सांगितलं. "केस बोटांत धरून ओढायचे. बुळबुळीत लागले तर शाम्पू राहिला. चर्र वाजले तर गेला. मानेच्या मागे आणि कानांच्या पाठीमागे जास्त बघायचं, तिथेच राहतो. ओले केस फणीनं ओढायचे नाहीत, बोटांनी मोकळे करायचे, टोकाकडून. आणि शेवटचं पाणी नळाचं."

सगळं सांगितलं. मनात आलं असतं तर एखादी गोष्ट राहून गेली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. पण हात शिकवायला लागले की त्यांना लपवता येत नाही.

मग त्यानं रेणुकाला पाटावर बसवलं. मी बाजूला. त्यानं कानावर तळवा आडवा धरला, पाणी आत जाऊ नये म्हणून. ते मी शिकवलं नव्हतं. रेणुका बडबडत होती, आता कन्नडमध्ये, भराभर, आणि तो मधूनमधून "हूं, हूं" करत होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझी बोटं पदराखाली आपोआप हलत होती.

त्यानंतर दर पाण्याला यायची ती कधीमधी येऊ लागली, आणि मग सणावारालाच. भांडण नाही, तंटा नाही. पुनवेला म्हातारी येते, डोकं चाचपते आणि गावी परत जाते. पोर शाळेत आहे, वर्गात पहिली-दुसरी येते. यापेक्षा जास्त काय हवं होतं? मी स्वतःला हे रोज विचारते. नळ येतो, ड्रम भरते, झाकते. गल्लीत बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरतात. आणि माझ्या मोरीत एक पाट असतो, त्यावर आता मी कपड्यांची बादली ठेवते.

परवा, दिवाळीच्या सुट्टीआधी, रेणुका धावत आली. आता सातवीत आहे. शाळेत नाच होता, बाहेर मैत्रिणी सायकली घेऊन थांबलेल्या.

"मावशी, काळ्या पिना द्या की चार. लवकर!"

"बस, मी लावून देते."

"लावते की मी."

"बस म्हटलं ना."

ती बसली. मी पिना शोधायला फार वेळ लावला, त्या समोरच होत्या. मग तिची वेणी सोडली. केस कमरेपर्यंत आलेत.

"कधी धुतले?"

"काल पप्पांनी. नळ आलता ना."

मी मुळाशी बोटं घातली. मानेच्या मागे बघितलं, कानांच्या पाठीमागे बघितलं. खरं सांगते, मी शोधत होते. राहिलेला शाम्पू, एखादा गुंता, अगदी लहान, म्हणजे म्हणता आलं असतं, अगं, हे नीट नाही झालं, उद्या ये, मी धुऊन देते. बोटं मुळापासून निघाली ती सरळ टोकापर्यंत गेली. कुठंच अडकली नाहीत.

"मावशी, सोडा की. उशीर हुतोय."

मी सोडलं. ती सायकलवर बसली, वळून हात केला, गेली. इतके स्वच्छ धुतलेले केस मी इतक्या वर्षांत कुणाचे पाहिले नाहीत, आणि ते बघून इतकं रडूही मला कधी आलं नव्हतं.